पंडिता रमाबाई आणि हातांची विद्या

ग्वाल्हेरच्या पडाव भागातून फूलबागेकडे निघाले की थोड्याच अंतरावर झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंची समाधी लागते. १८५८ च्या जून महिन्यात त्या या भूमीवर धारातीर्थी पडल्या. त्याच्या जेमतेम दोन महिने आधी, म्हणजे २३ एप्रिल १८५८ रोजी, येथून शेकडो कोस दूर दक्षिणेकडे सह्याद्रीच्या रानात गंगामूळ नावाच्या ठिकाणी एका गरीब शास्त्रीबुवांच्या घरी मुलगी जन्मास आली. तिचे नाव रमा. दोघीही मराठी घरातल्या, दोघींनाही तरुणपणी वैधव्य आले, आणि दोघीही पदर डोळ्यांशी लावून कोपऱ्यात बसल्या नाहीत. एकीने तलवार हाती घेतली. दुसरीने हजारो निराधार मुलींच्या हाती सुई, धोटा, कणीक आणि छापखान्याचे खिळे दिले. पहिलीचा इतिहास आपल्याकडे शाळेतले पोरसुद्धा जाणते. दुसरीच्या आयुष्याची एक बाजू आज वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटते.

याला कारण आहे. नाताळ जवळ आला की आपल्या मंडळ्यांतील भगिनींचे हात थांबत नाहीत. कोणी केक भाजते, कोणी क्रोशाचे रुमाल विणते, कोणी कागदाचे तारे करून घर सजविते. महिला संघाच्या विक्रीसाठी उशांचे अभ्रे आणि लोकरीचे मोजे तयार होतात. मात्र अशा कामाला मंडळीत खरा मान मिळतो असे नाही. प्रार्थनासभा, पवित्र शास्त्राचा अभ्यास, सुवार्ताप्रसार ही आत्मिक कामे, आणि विणकाम-भरतकाम म्हणजे वेळ घालविण्याची साधने, असा एक समज आपल्यात रूढ आहे. पंडिता रमाबाईंचे चरित्र नीट वाचले तर हा समज टिकत नाही.

पाठ केलेली विद्या आणि रिकामे हात

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे थोर संस्कृत पंडित. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असा दंडक असताना त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ती भाषा शिकविली, आणि त्यासाठी लोकांचा रोषही पत्करला. पुढे लक्ष्मीबाईंनी रमेला शिकविले. घरातले काम सुरू होण्याआधी, पहाटेच्या अंधारात मायलेकींचा पाठ चाले. मुलीने हजारो श्लोक मुखोद्गत केले. हे कुटुंब तीर्थाटन करीत, देवळांतून पुराण सांगत, भाविकांच्या दक्षिणेवर गुजराण करीत असे.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकणारे राहिले नाहीत, दक्षिणा देणारे राहिले नाहीत. होते नव्हते ते विकून झाले. या घरात विद्येला तोटा नव्हता, पण पोट भरेल असा एकही धंदा कोणाच्या हाताला ठाऊक नव्हता. मजुरी करावी तर जातीचा अभिमान आड येई, आणि भीक मागण्यास मन धजत नसे. रानातला पाला आणि जंगली फळे खाण्याची वेळ आली. प्रथम वडील गेले, मग आई गेली, मग थोरली बहीण कृष्णाबाई गेली. आईचे प्रेत उचलण्यास पुरेसे खांदेकरी मिळेनात. तेव्हा चौथा खांदा रमेने दिला, आणि ती बुटकी असल्याने तिरडीची बाजू तिला डोक्यावर घ्यावी लागली. पुढे बहीणभाऊ पायी उत्तर हिंदुस्थान हिंडले. मूठभर धान्य भिजवून खाल्ले, आणि झेलमच्या काठी थंडीपासून वाचण्यासाठी वाळूत खड्डे करून त्यांत निजले.

या दिवसांविषयी रमाबाईंनी पुढे स्वतः लिहिले. आपल्याला व्यवहारातले काही शिकविले नव्हते आणि कष्टाचे काम करणे आपल्या अभिमानाला रुचत नव्हते, हे त्यांनी त्यात लपविले नाही. त्यांच्या पुढच्या साऱ्या कार्याचे बीज आम्हांस या कबुलीत दिसते. तोंडात शास्त्र आणि हात रिकामे, अशा अवस्थेत एक संपूर्ण घर उपाशी मेलेले त्यांनी पाहिले होते.

१८७८ साली बहीणभाऊ कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास या बंगाली वकिलाशी जातिबंधन मोडून विवाह केला. १८८१ च्या एप्रिलात मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. तेविसाव्या वर्षी, कडेवर तान्ही मुलगी घेऊन, रमाबाई विधवा झाल्या.

चेंडू, कागद आणि माती

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. तेथे आर्य महिला समाजाची स्थापना झाली, स्त्रीधर्मनीति हे त्यांचे पुस्तक निघाले आणि हंटर आयोगापुढे त्यांनी स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली. १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या. वाँटेज येथील भगिनीमंडळात राहत असताना, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले.

१८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी यांना डॉक्टरची पदवी मिळणार होती. त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी गेल्या. थोडे दिवस राहण्याच्या इराद्याने गेलेल्या रमाबाई दोन वर्षांहून अधिक काळ तेथे राहिल्या. व्याख्याने दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टन येथे त्यांच्या कार्याला दहा वर्षे मदत करण्यासाठी रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. हे सर्व बहुतेकांना ठाऊक असते. पण या काळात त्यांनी आणखी एक गोष्ट केली. संस्कृतच्या या पंडितेने बालोद्यान पद्धतीच्या शिक्षकवर्गात नाव घातले, आणि ती लहान मुलांचे खेळ शिकू लागली.

ही पद्धत जर्मनीच्या फ्रोबेलची. १७८२ साली जन्मलेला हा शिक्षक एका लूथरन पाळकाचा मुलगा होता. मूल कानांनी ऐकून शिकते त्याहून हातांनी करून अधिक शिकते, असे त्याचे मत होते. म्हणून त्याने मुलांसाठी रंगीत लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, घन आणि ठोकळे क्रमवार लावून दिले. त्यांच्या जोडीला कागदाच्या घड्या घालणे, कागदाच्या पट्ट्या विणणे, जाड कागदाला भोके पाडून त्यांतून दोरा ओवणे, मातीच्या वस्तू करणे असे उद्योग दिले. आज आपल्या रविवारच्या शाळेत मुले कागदी तारे आणि मातीची मेंढरे करतात, त्यामागे बऱ्याच अंशी हाच विचार आहे.

रमाबाईंचे मन येथे का रमले, हे समजणे कठीण नाही. त्यांचे स्वतःचे शिक्षण पाठांतराचे. ते उत्तम होते, पण संकटात उपयोगी पडले नाही. येथे त्यांना असे शिक्षण दिसले ज्यात डोके आणि हात यांची ताटातूट नव्हती. ती पद्धत त्यांनी सोबत आणली, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीजवळ शारदा सदन उघडल्यावर तेथे ती वापरली. सदनात आलेल्या पहिल्या विधवेचे नाव गोदूबाई. पुढे त्याच धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या.

एका बिस्किटाची किंमत

१८९० च्या नोव्हेंबरात सदन पुण्यास हलले. त्याच सुमारास पुण्यात एक प्रकरण गाजत होते. पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने शहरातील सुमारे चाळीस प्रतिष्ठित मंडळींना बोलाविले गेले आणि पुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. हे गोपाळराव म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे पती. कोणी खाल्ले, कोणी नाही. पण नावे वर्तमानपत्रात छापून आली, आणि बहिष्कार व प्रायश्चित्त यांचा वाद कित्येक महिने चालला. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांचीही त्यातून सुटका झाली नाही. वसई-गोव्याकडे तर पाव खाल्ला की माणूस बाटला, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती.

आज हसू येते. परंतु भट्टीतून निघालेला पदार्थ, तो भाजणारा हात आणि त्या हाताची जात यांचा त्या काळी असा घट्ट संबंध होता. केवळ भट्टीचेच नव्हे, प्रत्येक हस्तकौशल्याचे तसेच होते. तेल गाळायचे ते तेल्याने, कापड विणायचे ते साळ्या-कोष्ट्याने, कपडे धुवायचे ते परटाने. ज्याचा तो धंदा, आणि दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही. त्यातही विधवेच्या हाताची स्थिती सर्वांत वाईट. रांधणे, दळणे, पाणी भरणे यांसाठी तो हात घरातल्यांना चाले. पण शुभप्रसंगी रांगोळी काढायची, गौरी सजवायच्या, हळदीकुंकवाला फुले मांडायची म्हटले की तोच हात अपशकुनी ठरे. कष्ट तिच्या वाट्याला, आणि शोभा दुसऱ्यांच्या. घर सजविण्याचा आनंद हा आपणांस क्षुल्लक वाटतो. ज्यांच्यापासून तो हिरावून घेतला होता त्या बाल्यावस्थेतील विधवांना तो क्षुल्लक नव्हता.

शारदा सदनात रमाबाईंनी जातीचे सोवळे मोडण्याची कोणावर सक्ती केली नाही. तेथे ब्राह्मणी स्वयंपाकाची व्यवस्था होती. रमाबाई स्वतःही अखेरपर्यंत शाकाहारी राहिल्या आणि साधे पांढरे लुगडे नेसत राहिल्या. तरीही काही मुली त्यांच्या प्रार्थनेस बसू लागल्या तेव्हा, १८९३ साली, शहरात वादळ उठले. सल्लागार मंडळातील मोठी माणसे बाजूला झाली, पालकांनी मुली काढून नेल्या. ज्या पुण्याने आठदहा वर्षांपूर्वी कौतुक केले त्याच पुण्याने पाठ फिरविली. रमाबाईंनी सदन बंद केले नाही.

केडगावची भट्टी आणि माग

अमेरिकेची मदत दहा वर्षांचीच आहे, हे त्यांना विसरता येत नव्हते. म्हणून पुण्याहून सुमारे चाळीस मैलांवर, दौंडच्या रेल्वेमार्गावरील केडगाव येथे त्यांनी माळरानाची सुमारे शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खणल्या आणि फळझाडे लावली. फळांच्या उत्पन्नावर सदन चालावे असा हिशेब होता. पण देवाचा हिशेब मोठा होता.

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तेथे गेल्या आणि तेथील मुलींचे खंगलेले देह पाहून त्यांना आपले घर आठवले. सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे दिवस होते आणि इतक्या जणींना शहरात ठेवता येईना, म्हणून केडगावच्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. त्यातूनच मुक्ती सदन झाले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

या मुली शारदा सदनातल्यासारख्या नव्हत्या. कोणी शेतकऱ्याची, कोणी मजुराची, कोणी भिल्लाची. कित्येकींना अक्षर ठाऊक नव्हते, कित्येकींना रस्त्यावरच्या माणसांनी नासविले होते. या सगळ्यांना निव्वळ दानावर जगविणे म्हणजे पुन्हा रिकाम्या हातांची माणसे तयार करणे होते. त्यामुळे मुक्तीत शाळा आणि कामशाळा यांची जोड घातली गेली. सकाळची प्रार्थना, अक्षरओळख आणि मग काम. माग उभे राहिले. शिवणकाम, भरतकाम, धुलाई, दूधदुभते, तेलाचा घाणा, बागकाम अशी खाती निघाली. आणि पाव भाजण्याची भट्टीही निघाली.

मागावर बसलेल्या मुलीला उभा ताणा नीट लावावा लागतो. एक दोरा ढिला राहिला तर हातभर कापड बिघडते. धोटा या हातातून त्या हाती जाताना मन दुसरीकडे गेले तर चालत नाही. कणकेला खमीर लावून ती फुगेपर्यंत थांबावे लागते, घाई केली तर पाव दगड होतो आणि उशीर केला तर आंबतो. भुकेने आणि भीतीने ज्यांचे मन विस्कटून गेले होते त्यांना या कामांनी बळ दिले असेल, असे आम्हांस वाटते. आपल्या हातून चांगली वस्तू घडली आणि ती दुसऱ्याच्या उपयोगी पडली, हे पाहणे हेच अशा जिवाला पहिले औषध असते. आणि ज्या भट्टीतल्या पावामुळे जात जाण्याची भीती होती, त्याच भट्टीभोवती निरनिराळ्या जातींच्या मुली एकत्र पीठ मळू लागल्या आणि एकच पाव मोडून खाऊ लागल्या. जातीविरुद्ध शंभर व्याख्यानांनी जे झाले नसते ते येथे रोजच्या कामात होऊन गेले.

अंध मुलींचीही त्यांनी उपेक्षा केली नाही. मनोरमाबाईंनी त्यांच्यासाठी उंचवट्याच्या अक्षरांची लिपी शिकविण्याची सोय केली. त्या मुली बोटांनी पवित्र शास्त्र वाचू लागल्या आणि त्याच बोटांनी टोपल्या विणू लागल्या.

सर्वांत मोठे हस्तकाम

मुक्तीतील हस्तोद्योगांचा कळस म्हणजे छापखाना. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर हाती घेतले. प्रचलित भाषांतरातील संस्कृत शब्द खेड्यातल्या बाईला कळत नाहीत, हे त्यांनी आपल्याच मुलींच्या चेहऱ्यांवर पाहिले होते. संस्कृतच्या पंडितेने म्हणून संस्कृत बाजूला ठेवले आणि साधी बोली मराठी घेतली.

हे भाषांतर छापले मुक्तीतल्या बायकांनी. मराठीचे खिळे जुळविणे म्हणजे सोपे काम नव्हे. काने, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांमुळे इंग्रजीच्या कितीतरी पट खणांतून खिळे वेचावे लागतात, आणि तेही उलटे वाचून. काही वर्षांपूर्वी दुष्काळात सापडलेल्या, अक्षरशत्रू असलेल्या मुली हे शिकल्या. त्यांनी खिळे जुळविले, यंत्र चालविले, कागदाच्या घड्या घातल्या, पुस्तके शिवून बांधली. ज्या बोटांना प्रथम कागदाची घडी आणि सुईचा टाका शिकविला, तीच बोटे देवाचे वचन बांधू लागली. फिलाडेल्फियाच्या वर्गात शिकलेले खेळ असे फळास आले. १९१३ साली नवा करार निघाला.

१९१९ साली सरकारने कैसर-इ-हिंद पदक देऊन रमाबाईंचा गौरव केला. पण अखेरची वर्षे सुखाची नव्हती. कान ऐकेनासे झाले, शरीर थकले, आणि २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा आईच्या आधी गेली. जिच्या हाती सारे सोपवायचे तीच राहिली नाही. रमाबाईंनी भाषांतराचे काम सोडले नाही. शेवटची मुद्रिते तपासून होईपर्यंत आयुष्य दे, असे त्यांनी प्रभूजवळ मागितले होते, असे सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच त्यांना प्रभूने बोलाविले. १९२४ साली संपूर्ण पवित्र शास्त्र छापून झाले. केडगावचे मुक्ती मिशन आजही निराधार स्त्रिया व मुलांसाठी काम करीत आहे.

आपल्यासाठी

निर्गमाच्या ३१ व्या अध्यायात बसालेलाची गोष्ट आहे. देवाने ज्याला नावाने बोलावून आपल्या आत्म्याने परिपूर्ण केले, असा हा मनुष्य राजा नव्हता आणि याजकही नव्हता. तो सोने, रुपे, पितळ आणि लाकूड यांचा कारागीर होता. पुढे ३५ व्या अध्यायात निवासमंडपासाठी सूत काढणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख येतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या ९ व्या अध्यायात यापोच्या दुर्कशीचे प्रेत माडीवर ठेवलेले आहे, आणि भोवती रडणाऱ्या विधवा पेत्राला काय दाखवितात? तिने शिवलेली वस्त्रे. तिच्या विश्वासाची दुसरी साक्ष त्यांना शोधावी लागली नाही.

तेव्हा आपल्या भगिनींनी केक भाजावेत, रुमाल विणावेत आणि घरे सजवावीत. त्यात कमीपणा मुळीच नाही. मात्र रमाबाईंच्या आयुष्याने आपल्याला काही प्रश्न विचारले आहेत आणि ते टाळता येणार नाहीत. आपल्या विणकामाच्या वर्तुळात मंडळीतली विधवा बसते काय? नाताळात घर सजविताना, नुकतेच दुःख झालेल्या बहिणीला आपण मदतीस बोलावतो, की अजूनही जुना अपशकुन मनात धरून तिला वगळतो? जी विद्या आपल्या हातांना येते ती आपण शेजारच्या गरीब मुलीला शिकवितो काय, की प्रदर्शनात आपलाच नमुना पहिला यावा म्हणून टाका लपवितो? आणि मुलग्यांचे काय? पाकशास्त्र आणि शिवणकाम मुलींसाठी, असे म्हणून आपण नवी जात तर निर्माण करीत नाही ना? ज्या शास्त्र्यांच्या घरी भूक शिरली तेथे बाप आणि भाऊ यांचेही हात रिकामेच होते.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक महिला संघाने या वर्षी निदान एका गरजू बहिणीला असे एक काम शिकवावे, ज्यावर ती चार पैसे मिळवू शकेल. भट्टी असेल तर भट्टीचे, यंत्र असेल तर शिवणाचे. विक्रीच्या पेटीत किती जमले हे आपण दरवर्षी अहवालात लिहितो. त्याच्या शेजारी, किती हातांना काम शिकविले, हाही आकडा लिहावा.

नासरेथच्या सुताराच्या घरी वाढलेल्या आपल्या प्रभूचे हात लाकडाच्या कामाने घट्टे पडलेले असतील. तेच हात त्याने कुष्ठरोग्यावर ठेवले, त्याच हातांनी त्याने भाकर मोडली आणि तेच हात त्याने आपल्यासाठी वधस्तंभावर पसरले. आपले हात त्याच्या कामी यावेत, हीच प्रार्थना.